सपाट स्लॅबच्या घराचा नकाशा गच्चीपासून आखा

घर बांधायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती हॉल किती मोठा हवा याची. मग बेडरूम, मग किचन. जिना उरलेल्या जागेत बसवला जातो, संडास-बाथरूम जिन्याखाली ढकललं जातं, आणि गच्चीचा विचार स्लॅबचं सेंटरिंग (फळ्या-टेकूंचा साचा) लागल्यावर होतो. तिथेच पुढच्या वीस वर्षांच्या गळतीची आणि ठेचकाळण्याची सोय होऊन बसते. साइटवर काम करताना हीच चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता कुणी कागद घेऊन आलं, तर मी आधी गच्चीचा चौकोन काढायला सांगतो.

कारण साधं आहे. कौलारू घरात पाणी आपोआप वळचणीला जातं. सपाट स्लॅबवर त्याला वाट काढून द्यावी लागते, आणि ती वाट पाइपाच्या रूपात प्रत्येक मजल्यावरून खाली येते. जिनाही तसाच, तो तळापासून गच्चीपर्यंत एकाच जागी उभा राहतो. बाथरूमचे पाइपही तसेच. या तीन गोष्टी सगळे मजले भेदून जातात, त्यामुळे त्या आधी ठरवायच्या. खोल्यांच्या भिंती कागदावर कितीही वेळा सरकवता येतात.

हा लेख देशावरच्या, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक, नगर, सोलापूर अशा पट्ट्यातल्या तळमजला अधिक एक मजला घरासाठी आहे. कोकण, गोवा, महाबळेश्वरकडे बांधत असाल तर उघडा सपाट स्लॅब निवडण्याआधी पुन्हा विचार करा. तिथे बहुतेकांना चार पावसाळ्यांत वर पत्र्याची शेड घालावी लागते. त्यापेक्षा उतरतं छप्पर पहिल्यापासून धरलेलं बरं.

उदाहरण म्हणून एकच प्लॉट शेवटपर्यंत धरू: ३० बाय ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट येतात, तेव्हा हा गुंठ्याहून थोडा मोठा. रस्ता पूर्वेला, ३० फुटांची बाजू रस्त्याला. कुटुंबात नवरा-बायको, दोन मुलं आणि आई.

टप्पा १: कागद, टेप आणि ऊन

पेन्सिल उचलण्याआधी या गोष्टी हातात हव्यात:

१. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा आदेश, मंजूर लेआउट आणि भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी नकाशाची प्रत. खरेदीखतात ३० बाय ४० लिहिलंय म्हणून जागेवर ३० बाय ४० असेलच असं नाही. टेप लावून चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. ३० बाय ४० काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरतात. फरक आला, तर प्लॉट तिरका आहे. नकाशा त्या तिरक्या प्लॉटवरच काढायचा.

२. सोडायच्या जागा, म्हणजे मार्जिन. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तुमच्या रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार आणि जागा कुठल्या हद्दीत येते यावर मार्जिन आणि चटई क्षेत्र (एकूण किती बांधता येईल ते) ठरतं. शेजाऱ्याने किती सोडलं हे बघून ठरवू नका. त्याचं बांधकाम जुन्या नियमातलं असू शकतं.

३. पातळ्या. रस्त्याचा मध्य, गटाराचा किंवा ड्रेनेज चेंबरचा तळ आणि तुमची जमीन या तिन्हींतला फरक ट्यूब लेव्हलने मोजून लिहून ठेवा. जोत्याची उंची यावरून ठरते. बाथरूमचं पाणी कुठल्या बाजूने बाहेर पडेल हेही यावरूनच कळतं. रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या थरांनी चढतो, म्हणून जोतं रस्त्यापासून किमान दोन फूट वर धरा.

४. माती. एक खड्डा काढून बघा. काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो, हे आर.सी.सी. सल्लागाराला (पाया, कॉलम आणि बीमचा हिशेब करणाऱ्या इंजिनीअरला) पहिल्याच भेटीत सांगता आलं पाहिजे.

५. ऊन आणि वारा. प्लॉटवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाचला स्वतः उभे राहा. शेजारची इमारत कुठे सावली टाकते, वारा कुठून येतो, पावसाचा मारा कुठल्या भिंतीवर बसेल ते कागदावर बाणांनी काढा. नैर्ऋत्य मान्सूनचा मारा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पश्चिम आणि दक्षिण-पश्चिम बाजूने येतो.

६. वास्तू मानता का, याचं उत्तर. मानत असाल तर आजच सांगा. मंजुरीनंतर आग्नेयेचं किचन आणि ईशान्येचं देवघर आठवलं की पाइप, कॉलम सगळं हलतं आणि घर वास्तूचंही राहत नाही, सोयीचंही राहत नाही.

तपासा: घरातल्या प्रत्येकाने आपापली दोन कामं लिहून द्यावीत जी नव्या घरात नीट व्हायला हवीत. "मोठा हॉल हवा" हे काम नव्हे. "पावसाळ्यात कपडे वाळत घालायला जागा", "आईला रात्री संडासला जाताना पायरी लागू नये", "पापड-कुरडयांना ऊन मिळावं" ही कामं.

टप्पा २: आधी बांधता येणारा चौकोन, मग त्याचा जमाखर्च

आपल्या उदाहरणात समोर १० फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना ५ फूट सोडावे लागतात असं धरू. हे आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुमच्या कार्यालयातून घ्या. मग उरतो २० बाय २५ फुटांचा चौकोन, ५०० चौरस फूट.

आता बाहेरच्या ९ इंची भिंती वजा करा. आतली मापं साडेअठरा बाय साडेतेवीस, म्हणजे सुमारे ४३५ चौरस फूट. भिंतींनी इथेच ६५ चौरस फूट खाल्ले. पुढचा हिशेब तळमजल्याचा असा चालतो:

जिना ८०. आतल्या भिंती साधारण २५. संडास-बाथरूम साडेचार बाय सात, म्हणजे ३२. उरले २९८. आईची खोली १० बाय ११ धरली तर ११० गेले, उरले १८८. किचन ८ बाय ९ म्हणजे ७२. हॉलला उरले ११६, म्हणजे १० बाय साडेअकरा.

आणि यात अजून पॅसेज धरलेलाच नाही. तीन फुटी पॅसेज दहा फूट लांब काढला की हॉलमधून ३० चौरस फूट जातात. म्हणून लहान घरात खोल्यांची दारं अशी एकत्र आणायची की एका छोट्या चौकातून सगळीकडे जाता येईल. हा जमाखर्च पहिल्याच संध्याकाळी कागदावर मांडला तर "२० बाय १५ चा हॉल" हा हट्ट आपोआप सुटतो, आणि घरात वादही होत नाहीत, कारण आकडा सगळ्यांसमोर असतो.

इशारा: कुणी "१० बाय १२ ची रूम" म्हटलं की विचारा, आतून की मध्य ते मध्य? भिंतीच्या मध्यापासून मोजलेली १० बाय १२ खोली गिलावा झाल्यावर आतून साडेनऊ फुटांच्याही आत येऊ शकते. नकाशावर आतली मापं लिहून घ्या.

टप्पा ३: गच्चीचा नकाशा

आता २० बाय २५ चा चौकोन कोऱ्या कागदावर काढा. आलेख कागद घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट. या कागदावर एकही खोली काढायची नाही. फक्त पाणी, जिन्याचं तोंड, टाकी आणि सोलर.

*पाण्याची वाट.* गच्चीला किमान १०० ला १ असा ढाळ हवा. म्हणजे २५ फुटांच्या लांबीत ३ इंच. सगळं पाणी एकाच टोकाला नेलं तर लांबच्या टोकाला कोबा (स्लॅबवरचा ढाळ देणारा वॉटरप्रूफिंगचा थर) फार जाड होतो, स्लॅबवर वजन वाढतं. मधोमध उंचवटा धरून दोन्ही बाजूंना ढाळ दिला तर हेच अंतर अर्धं होतं.

पाइप किती? तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर एका ४ इंची पाइपाला सुमारे ४२ चौरस मीटर गच्ची झेपते. आपली गच्ची साडेशेहेचाळीस चौरस मीटर. म्हणजे दोन पाइप लागतातच. याहून लहान गच्ची असली तरी दोनच द्या, कारण पहिल्या वादळात पिंपळाची पानं एका तोंडात अडकली की दुसरा पाइप घर वाचवतो. शिवाय कठड्यात, कोब्याच्या दोन इंच वर, एक जास्तीचं भोक ठेवा. तिथून पाणी पडताना दिसलं की पाइप तुंबल्याचं खालूनच कळतं.

पाइप बाहेरच्या भिंतीवरून खाली आणा, दिसले तरी चालतील. भिंतीत गाडलेला पाइप सांध्यात गळायला लागला की बेडरूमची भिंत फोडावी लागते. आणि ते कुठे उतरणार तेही आत्ताच ठरवा. मुख्य दाराच्या पायरीवर, किचनच्या खिडकीसमोर किंवा जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाजवळ उतरवू नका.

*टाकी.* राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांना ६७५ लिटर, म्हणून १००० लिटरची टाकी. ती भरली की वजन एक टनाच्या वर जातं. ती नुसत्या स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही. खाली चार कॉलम किंवा बीमचा चौक हवा. सर्वांत सोपी जागा म्हणजे जिन्यावरच्या केबिनचा स्लॅब. तिथे उंचीही मिळते, त्यामुळे वरच्या मजल्याच्या शॉवरला दाब येतो आणि सोलर हीटरलाही पाणी चढतं.

*सोलरची सावली.* छतावरच्या १ किलोवॉट सोलरला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, म्हणून बरेच जण ३ किलोवॉट धरतात. म्हणजे ३०० चौरस फूट. ५०० फुटांच्या गच्चीतले ३००. इथे केबिनची जागा फार महत्त्वाची ठरते. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवरच असतो. ८ फुटी केबिन आणि वर ४ फुटी टाकी, मिळून १२ फूट उंचीची सावली सुमारे ११ फूट उत्तरेकडे पडते. केबिन दक्षिणेला असेल तर अर्धी गच्ची हिवाळ्यात सावलीत. केबिन उत्तरेच्या भिंतीला असेल तर सावली घराबाहेर. वास्तूप्रमाणे टाकी नैर्ऋत्येलाच हवी असेल तर पॅनेल गच्चीच्या पूर्व अंगाला सरकवा.

म्हणून आपल्या उदाहरणात जिना वायव्य कोपऱ्यात धरू. पश्चिमेचं ऊन तोही थोडं अडवतो.

*कठडा आणि कोबा.* वॉटरप्रूफिंगचा विटांचा कोबा ढाळासकट ५ इंचांपर्यंत चढतो. कठडा स्लॅबपासून साडेतीन फूट मोजून बांधला की कोबा झाल्यावर तो तीन फूट एक इंच उरतो, आणि लहान मुलं असलेल्या घरात हे धोक्याचं आहे. उंची कोब्याच्या वरून मोजा. कोबा आणि कठडा मिळतात तिथे कोपऱ्याला गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग कठड्यावर फूटभर चढवायचं आहे, ही नोंदही नकाशावर हवी.

तपासा: गच्चीच्या कागदावर दोन पाइप, ढाळाचे बाण, केबिन, टाकी, पॅनेल आणि कपडे वाळत घालायच्या दोरीची जागा दिसते का? कागद काचेवर धरून त्याखाली तळमजल्याचा कोरा चौकोन लावा आणि पाइपांच्या व जिन्याच्या जागा त्यावर उतरवा. आता खालचे नकाशे सुरू.

टप्पा ४: जिना, इंचाइंचाने

एका मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ पायऱ्या केल्या तर प्रत्येक चढ पावणेसात इंचांच्या किंचित आत येतो. आईला झेपेल असा. संहितेची कमाल मर्यादा १९ सेंटिमीटर, साडेसात इंच, पण तिथपर्यंत जाऊच नका.

दोन टप्प्यांचा जिना म्हणजे ९ अधिक ९ चढ. ९ चढांना पाऊल ठेवायच्या जागा ८ लागतात, कारण नववा चढ थेट चौकात, म्हणजे जिन्याच्या टोकाच्या सपाट जागेत, जातो. १० इंचांच्या आठ पायऱ्या म्हणजे ६ फूट ८ इंच. दोन्ही टोकांना ३-३ फुटांचे चौक. एकूण १२ फूट ८ इंच. रुंदी तीन अधिक तीन फूट आणि मधली ४ इंच फट, ६ फूट ४ इंच. गुणाकार ८० चौरस फूट. टप्पा २ मधला आकडा इथून आला.

यातून वाचवायला लोक काय करतात? वळणावर तिकोनी पायऱ्या घालतात. तिकोनी पायरीच्या आतल्या टोकाला पाऊल मावत नाही आणि म्हातारं माणूस नेमकं कठडा धरून आतूनच चढतं. जागा वाचवायची तर हॉल फूटभर कमी करा, पायऱ्या तिकोनी करू नका.

*गच्चीकडे जाणारा टप्पा वेगळा मोजा.* ही चूक अनुभवी मिस्त्रीही करतात. पहिल्या मजल्यावर फरशीने अडीच इंच चढतात, गच्चीवर कोब्याने ५ इंच, आणि कोब्याच्या वर दाराला ४ इंचांचा उंबरा हवाच. म्हणजे फरशीपासून उंबऱ्यापर्यंत १२० नव्हे, सुमारे १२६ इंच चढायचे आहेत. १८ पायऱ्यांत वाटले की बरोबर ७ इंच येतात. हे आधी मोजलं नाही तर शेवटची पायरी एकटीच उंच होते आणि रोज कुणीतरी तिथे अडखळतं. किंवा उंबरा कोब्याच्या खाली राहतो आणि पहिल्याच पावसात पाणी जिन्यावरून घरात उतरतं.

थांबा: जिन्याखाली संडास काढण्याचा मोह झालाय का? मधला चौक ५ फुटांवर असतो, त्याची जाडी वजा जाता खाली साडेचार फूटच मिळतात. मग मिस्त्री म्हणतो, खालची जमीन दोन फूट खोल घेऊ. खोल घेतली की संडासाचा पाइप रस्त्याच्या चेंबरच्या खाली जातो आणि पावसाळ्यात मैला उलटा येतो. टप्पा १ मध्ये लिहिलेल्या पातळ्या काढा आणि ताडून बघा. जिन्याखाली इन्व्हर्टर, पंप किंवा धान्याची कोठी ठेवा.

टप्पा ५: ओल्या जागा एकाखाली एक

बाथरूम, संडास, किचनचं सिंक, धुण्याची मोरी या सगळ्या ओल्या जागा. नियम एकच: वरची ओली जागा खालच्या ओल्या जागेवरच.

कारण वरच्या बाथरूमचा स्लॅब ८ ते १२ इंच खाली बुडवतात आणि त्या खड्ड्यात पाइप टाकून भराव करतात. हा बुडालेला भाग खालच्या खोलीच्या छताला लोंबतो. खाली बाथरूम असेल तर कुणाला खटकत नाही. खाली हॉल किंवा देवघर असेल तर छत बुटकं होतं, आणि कधीतरी ओल उतरली की डाग नेमका तिथे दिसतो.

मापं: संडास-बाथरूम एकत्र असेल तर संहितेनुसार किमान २.८ चौरस मीटर, रुंदी किमान १.२ मीटर. किमान माप हे पास होण्यापुरतं असतं. आईच्या बाथरूमचं दार अडीच फुटांऐवजी तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं करा. कधी आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. पायरी अजिबात नको, फक्त अर्धा-पाऊण इंचाची उतरण.

मोरी विसरू नका. नव्या नकाशांत सगळ्यांत जास्त विसरली जाणारी जागा हीच. भांडी घासायला, वॉशिंग मशीनला आणि ओले कपडे निथळायला किचनला लागून ४ बाय ६ ची जागा मिळाली तर किचन कोरडं राहतं. आमच्या घरी ती सोडली नव्हती. दहा वर्षं माझी आई किचनच्या मागच्या दारात, साइड मार्जिनमध्ये पाटावर बसून भांडी घासत राहिली, पावसात डोक्यावर प्लॅस्टिक धरून. नकाशा माझाच होता.

तपासा: सेप्टिक टँक लागणार असेल तर तो आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी प्लॉटच्या विरुद्ध बाजूंना आहेत ना? टँकर किंवा मैला उपसणारी गाडी जिथपर्यंत येते तिथून पाइप टँकपर्यंत पोचतो ना?

टप्पा ६: खोल्या, सामानासकट

आता कुठे खोल्या. आणि त्या रिकाम्या काढायच्या नाहीत. त्याच प्रमाणात कागदाचे तुकडे कापा: डबल बेड ६ बाय साडेसहा, कपाट २ फूट खोल, फ्रिज अडीच बाय अडीच, चार खुर्च्यांचं टेबल ३ बाय ४, दिवाण अडीच बाय सहा. आईची लोखंडी पेटी घरात येणारच असेल तर तिचाही तुकडा कापा.

१० बाय १२ ची बेडरूम घ्या. बेडचं डोकं १२ फुटी भिंतीला लावलं तर पायाशी साडेतीन फूट उरतात. समोर २ फुटी कपाट आलं की दीड फूट. कपाटाचं दार उघडणार नाही. तेच डोकं १० फुटी भिंतीला लावलं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट, पायाशी साडेपाच, कपाट धरून साडेतीन फूट मोकळे. खोली तीच. पण यासाठी एक १० फुटी भिंत दार-खिडकीविना सलग हवी. ती ठरल्यावर दार, मग खिडकी. बहुतेक नकाशांत उलटं होतं, आणि बेड खिडकी अडवून बसतो.

किचनमध्ये ओटा २ फूट खोल. दोन समोरासमोर ओटे असतील तर मध्ये साडेतीन-चार फूट हवेत, दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतील इतके. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपराखाली चार बोटं. ३२ ते ३४ इंचांच्या दरम्यान येते. सिलिंडर बाहेर ठेवायचा असेल तर त्याची जाळीची पेटी आणि पाइपाचं भोक आत्ताच दाखवा. गणपती-गौरी घरात बसत असतील तर मखर कुठे, आणि त्या दिवसांत येणारी माणसं कुठल्या दाराने आत-बाहेर करणार, हेही हॉलच्या कागदावर ठेवून बघा. मुलांची खोली वर, आईची खाली, हे जवळपास ठरलेलंच. आईच्या खोलीचं दार मात्र थेट हॉलच्या टीव्हीसमोर नको.

टप्पा ७: कॉलम, मंजुरीच्या आधी

इथे आर.सी.सी. सल्लागाराला बोलवा. नकाशा मंजूर झाल्यावर बोलावणं हा फार महाग पडणारा आळस आहे.

दोन कॉलममध्ये १० ते १४ फूट अंतर असेल तर बीम आटोक्यात राहतात. हॉलमध्ये २० फूट बिनखांबाचं हवं असेल तर बीम दीड-पावणेदोन फूट खोल जाईल, छताला लोंबताना दिसेल आणि लोखंड वाढेल. २० बाय २५ च्या चौकोनात तीन ओळींत नऊ कॉलम सहज बसतात. फक्त ते भिंतींच्या जोडावर यावेत.

९ इंची कॉलम ४ इंची भिंतीत मावत नाही, एका बाजूला बाहेर येतोच. तो कपाटाच्या बाजूला येईल असा फिरवा. दाराच्या मागे किंवा ओट्याच्या कोपऱ्यात आला तर रोज खटकेल.

इशारा: वरच्या मजल्यावरची भिंत खालच्या भिंतीच्या रेषेत नसेल तर सल्लागाराला स्पष्ट दाखवा. आणि खाली कॉलम नसताना बीमवर कॉलम उभा करण्याचा सल्ला कुणी दिला तर नकाशा बदला.

पुढे आणखी एक मजला चढवायचा विचार असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या वजनाचे हवेत. नुसत्या सळया वर काढून ठेवल्याने काहीच होत नाही. उघड्या सळया दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात आणि त्यांच्या बुडाशी गच्चीत पाणी शिरतं. ठेवायच्याच असतील तर सिमेंटच्या कच्च्या थराने झाका.

टप्पा ८: खिडक्या आणि छज्जे

खिडकीचं क्षेत्रफळ संहितेत हवामानावर ठरतं: कोरड्या उष्ण भागात खोलीच्या एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश. ११० चौरस फुटांच्या खोलीला ११ ते १८ चौरस फूट. ४ बाय ४ ची खिडकी १६ ची, पण दोन पट्ट्यांची स्लायडिंग असेल तर उघडते अर्धीच, म्हणजे ८. वारा हवा असेल तर बाहेर उघडणाऱ्या झडपा घ्या किंवा दोन भिंतींना दोन खिडक्या द्या. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांनी वारा आरपार जात नाही.

दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो पुण्यात किंचित उत्तरेकडूनच जातो. पश्चिमेला छज्जा पुरत नाही. चारनंतरचं ऊन तिरपं आत शिरतं. म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठी आणा. बेडरूम पश्चिमेलाच आली तर खिडकी अरुंद आणि उभी करा, बाहेर झाड लावा. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडतो, त्यामुळे वरच्या बेडरूमला आरपार वारा खालच्यापेक्षा जास्त गरजेचा आहे. गच्चीला पांढरी चायना मोझॅक किंवा पांढरा लेप धरला असेल तर थोडी सुटका होते.

प्रत्येक छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी, नाहीतर पाणी पोटाखालून सरकत खिडकीच्या चौकटीत येतं.

टप्पा ९: फक्कीने आखा आणि घरात राहून बघा

मंजुरीला कागद देण्याआधीचा हा शेवटचा टप्पा. प्लॉट साफ करून चुन्याच्या फक्कीने तळमजला खऱ्या मापात आखा. दारांच्या जागी फक्की सोडा. बेडच्या जागी सतरंजी, ओट्याच्या जागी विटांची ओळ. मग अख्खं कुटुंब बोलवा.

आईला तिच्या खोलीतून बाथरूमपर्यंत चालायला सांगा. कुणीतरी किराण्याच्या दोन पिशव्या हातात घेऊन दारापासून किचनपर्यंत जाऊ दे. मुलांना दप्तर कुठे टाकणार ते विचारा. मोटरसायकल समोरच्या मार्जिनमध्ये आणून वळवून बघा, आणि गेट उघडल्यावर ती अडते का तेही. उघड्या मैदानावर खोल्या आहेत त्यापेक्षा लहान भासतात, याने घाबरू नका. भिंती उभ्या राहिल्या की फरक पडतो. मात्र खांदे वळवताना कुणी फक्कीवर पाय दिला तर ती जागा खरंच अरुंद आहे.

दोन दिवस आखणी तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पुन्हा जा. पश्चिमेच्या रेषेवर ऊन कुठपर्यंत येतं ते बघा. मग गच्चीचा कागद उघडा आणि दोन पाइप जिथे उतरणार तिथे दोन खुंट्या ठोका. खुंट्या कुणाच्या वाटेत येत असतील तर त्या आजच हलवता येतील.